दाणे भाजले की बुरशीचं विष जातंय काय?

या वेळी आलेली पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त एकाच विषयाचे आहेत, भुईमुगाच्या शेंगांना लागलेली बुरशी. काढणीच्या टायमाला पाऊस आला की आपल्या बेळगाव भागात हा विषय निघतोच, खानापूरपासनं अथणीपर्यंत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि हे सगळे एकत्र घेतले.

खानापूर तालुक्यातले एक शेतकरी विचारतात:

"नमस्कार सर. आमच्या शेंगा उपटून झाल्या आणि तोडायच्या आधीच पाऊस लागला. ढिगात हिरवट बुरशी धरली. नंतर ऊन पडलं तसं सगळ्या धुऊन घेतल्या, गच्चीवर कडकडीत वाळवल्या, आता बघितलं तर बुरशी कुठं दिसत नाही. आई म्हणते भाजून चटणी केली की काय होत नाही, इतकी वर्षं खातोयच की. धाकटा भाऊ बी.एस्सी.ला आहे, तो म्हणतो बुरशी गेली तरी विष राहतंय, ते बुरशीचं एन्झाइम बनवतंय म्हणे. मग एन्झाइम तर भाजल्यावर मरतंय ना? खरं काय ते सांगा."

दादा, धाकट्याचं बरोबर आहे. आणि तुम्ही जो उलटा सवाल टाकलाय ना, एन्झाइम भाजल्यावर मरतंय की नाही, सगळा घोळ नेमका तिथंच होतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या शेंगांवरची हिरवट-पिवळट बुरशी बहुतेक अस्परजिलस फ्लेव्हस असणार. ही आपल्या मातीत असतेच, बाहेरून कुठून आणावी लागत नाही. दाण्याला चीर पडली, किड्यानं भोक पाडलं, नाहीतर टरफल ओलं राहिलं की आत शिरते. आत शिरून नुसती वाढली असती तर दाणा नासला एवढंच झालं असतं. पण ही बुरशी वाढता वाढता अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. बुरशीला स्वतःला जगायला हे विष लागत नाही. जगायला लागतात ती साखर, प्रोटीन वगैरे वेगळी, आणि हे असलं जोडधंद्यासारखं बनवलेलं असतं त्याला शास्त्रात दुय्यम चयापचयी पदार्थ म्हणतात. पेनिसिलिन पण त्याच जातीचं, फक्त ते आपल्या कामाला आलं आणि हे जिवावर येतंय.

आता हे बनतंय कसं. बुरशीच्या तिसऱ्या गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे ७५ हजार अक्षरांच्या पट्ट्यात २५ ते ३० जनुकं एकमेकांना चिकटून बसलीत, आणि त्यातल्या बहुतेकांचं काम म्हणजे या विषासाठी एकेक एन्झाइम बनवणं. एन्झाइम म्हणजे काम करणारं प्रोटीन, ते एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करून देतंय. पहिल्यांदा सहा कार्बनचा एक छोटा तुकडा तयार होतो. तो तुकडा पीकेएसए नावाचं मोठं एन्झाइम उचलतंय आणि त्याला दोन-दोन कार्बन जोडत जातंय, सात वेळा. झाली वीस कार्बनची साखळी. ही लोंबती साखळी नुसती सोडली तर कशीही गुंडाळेल आणि भलतंच काहीतरी होईल, म्हणून त्याच एन्झाइमच्या पोटात एक खोबण आहे, तिच्यात साखळी ठराविक जागीच वळते आणि कड्या बनतात. या खोबणीचा आकार २००९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी उलगडून दाखवला. त्यातनं पुढं जो पदार्थ होतो तो नॉरसोलोरिनिक ॲसिड, रंगानं नारिंगी-लाल. एरवी तो दिसत नाही कारण पुढचं एन्झाइम त्याला लगेच उचलतंय, पण ज्या बुरशीत ते पुढचं एन्झाइम बिघडलेलं असतंय तिथं हा रंग साठतो आणि काचेच्या बशीतली बुरशी चक्क केशरी दिसते. १९७०च्या दशकात जोन बेनेट आणि त्यांच्या सोबत्यांनी अशाच रंगीत बुरश्यांवर काम केलं आणि विषाचा रस्ता एकेक पायरी करून हाताला लागत गेला. शेवटच्या पायऱ्यांवर ओएमटीए नावाचं एन्झाइम एक मिथिल गट, म्हणजे एका कार्बनचा छोटा तुकडा, चिकटवतंय आणि सगळ्यात शेवटी ऑर्डए नावाचं एन्झाइम ऑक्सिजन वापरून तयार करतंय अफ्लाटॉक्सिन बी-१, सगळ्यात घातक तेच.

आता तुमच्या प्रश्नाकडं येऊ. एन्झाइम भाजल्यावर मरतंय काय? मरतंय. प्रोटीन आहे ते, उष्णता लागली की त्याची घडी मोडते. बुरशीपण मरते. पण विष म्हणजे एन्झाइम नव्हे आणि बुरशीपण नव्हे. विष हा त्यांनी करून ठेवलेला माल आहे. कडीला कडी जोडून बनलेला छोटा, घट्ट रेणू. त्याचा वितळणबिंदूच २६८ अंशांच्या आसपास आहे, आपला कुकर १२० अंशांपर्यंत जातो. भाजण्यानं थोडं कमी होतंय, खूप वेळ कडक भाजलं तर बऱ्यापैकी कमी होतंय, पण पूर्ण जात नाही. आणि धुण्यानं तर दाण्याच्या आतलं काहीच निघत नाही, वर शेंग परत ओली होते ते वेगळंच. तेव्हा तुमच्या गच्चीवर बुरशी दिसत नाही ही गोष्ट खरी, पण त्याचा अर्थ विष नाही असा होत नाही.

आईंना पण चुकीचं म्हणू नका. विष सगळ्या शेंगांत सारखं पसरलेलं नसतंय. शंभर दाण्यात नव्व्याण्णव स्वच्छ आणि एकातच खच्चून भरलेलं, असं होतंय. म्हणून वर्षानुवर्षं खाऊनही लगेच काही कळत नाही. आणि हे विष थोडं थोडं गेलं तर पोटात दुखून सांगत नाही, हळूहळू लिव्हरवर काम करत राहतंय.

आता त्या ढिगाचं काय करायचं. पहिलं म्हणजे ज्या शेंगा ढिगाच्या तळाला आणि मध्ये होत्या त्या वेगळ्या झाल्या असतील तर वेगळ्याच ठेवा, चांगल्यात मिसळू नका. मग फोडून दाणे निवडा, आणि निवडताना घाई नको. सुरकुतलेला, साल काळपट-तपकिरी पडलेला, हाताला हलका लागणारा, किड्यानं खाल्लेला दाणा सरळ बाजूला. थोडे दाणे दोन फाकात सोलून बघा, दोन फाकांच्या मध्ये जी बारकी पोकळी असते तिथं पिवळट-हिरवी भुकटी किंवा करड्या रंगाचे धागे दिसले तर तो दाणा बाहेरून कितीही गुबगुबीत असू दे, गेला. आणि असे दाणे मूठभर घेतल्यावर बरेच निघाले तर तो भाग खाण्यातनं पूर्ण काढा. निवडण्यानं विषाचा मोठा वाटा निघून जातो, हे बघितलेलं आहे, कारखान्यात पण मशीननं रंगावरनं दाणे निवडतात ते याचसाठी. काढलेला माल जनावराला नको, घाण्याला नको, बाजारात तर अजिबात नको. खोल खड्ड्यात पुरा. वाईट वाटतंय मला पण सांगताना, घाम गाळलेलं पीक आहे, पण एक हिशेब सांगतो मग पटेल. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्राम, म्हणजे एक ग्राम विष ६६ टन मालात सारखं मिसळलं तरी तो सगळा माल मर्यादेला टेकतो. युरोपला माल पाठवायचा तर मर्यादा अजून कडक, थेट खायच्या दाण्याला किलोला ४.

पुढच्या हंगामाला काय करायचं ते पण विचारलं नाही तरी सांगतो कारण खरं काम तिथंच आहे. झालेलं विष काढायला जमत नाही, तेव्हा ते एन्झाइमं कामाला लागायच्या आधीच पाणी तोडायचं. उपटलेली झाडं ढीग घालू नका. उलटी करून, पाला खाली शेंगा वर, ओळीनं पसरा, वारं लागू दे. पावसाची लक्षणं असतील तर बांबूची तिवई करून त्यावर टांगा, खालनं हवा राहिली पाहिजे. ताडपत्री टाकणार असाल तर पाऊस थांबला की लगेच काढा, ताडपत्रीखाली उबारा धरला की २८-३० अंशाला हे एन्झाइमांचं काम सगळ्यात जोरात चालतंय, आणि आपल्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबरला नेमकं तेवढंच तापमान असतंय. ३७च्या वर गेलं तर बुरशी वाढते पण विष कमी करते, इतकं ते हवामान बघून चालतंय. शेंग कानाशी धरून हलवली की दाणा आत खुळखुळ वाजला पाहिजे, दातानं चावला की कट्‌ करून तुटला पाहिजे, लवता कामा नये. दाण्यात ओल ७-८ टक्क्यांच्या आत आली की बुरशीचं सगळंच थांबतंय. मग बारदानात भरा, फळी टाकून ठेवा, भिंतीला टेकवू नका. आणि एक कळकळीची विनंती, मशीनला फोडायच्या आधी दाणे तुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारायची जी पद्धत पडलीय ती बंद करा. व्यापारी सांगतोय म्हणून करू नका. वाळवलेलं सगळं त्या एका बादलीत जातंय.

पूर्वेकडच्या, म्हणजे रामदुर्ग, सौंदत्ती, गोकाकच्या लोकांना उलटा त्रास असतो. तिथं शेवटच्या महिन्यात पाऊस दडी मारतो, जमीन तापते, दाणा तहानेनं कमजोर होतो आणि बुरशी जमिनीतच आत जाते, काढणीच्या आधीच. तिथं शक्य असेल तर शेवटच्या टप्प्यात एक पाणी द्या, आणि आऱ्या (फुलातनं जमिनीत शिरणाऱ्या दांड्या) सुटायच्या वेळेला एकरी साधारण दोनशे किलो जिप्सम घाला, कॅल्शियम मिळालं की टरफल घट्ट होतंय.

बेळगावातली एक कॉलेज विद्यार्थिनी विचारते:

"सर, मी मायक्रोबायोलॉजी करतेय. अफ्लाटॉक्सिनचा पूर्ण पाथवे पुस्तकात आहे, एकेका एन्झाइमचं नाव आहे. इतकं सगळं माहीत असून ते एन्झाइम बंद का करता येत नाही?"

बंद करता येतंय, आणि केलेलं पण आहे. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं गं, पाथवे, म्हणजे विष बनायचा रस्ता, पाठ करून सोडून देणारे बरेच, पुढं काय हे विचारणारे कमी.

गुऱ्हाळावर बघितलं असशील, चरकच बंद पडला तर चुलवाण पेटवून आणि काहील मांडून काय उपयोग, रसच नाही तर गूळ कुठला. पीकेएसए हा या सगळ्या रस्त्यातला चरक. ते बंद पडलं की पुढची वीस-बावीस एन्झाइमं धडधाकट असली तरी त्यांच्या हाताला काही लागत नाही. आणि गंमत म्हणजे निसर्गात अशी बुरशी सापडली. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एएफ-३६ नावाची अस्परजिलस फ्लेव्हसची एक जात मिळाली जी विष बनवतच नाही. नंतर तिची जनुकं वाचल्यावर कळलं की पीकेएसएच्या जनुकात एक अक्षर बदललंय, फक्त एक, आणि त्यामुळं मध्येच "थांब" असा संकेत तयार झालाय. प्रोटीन अर्धवटच बनतंय, म्हणजे बनून न बनल्यासारखं. ही बुरशी निर्जीव केलेल्या धान्यावर वाढवून शेतात पसरतात, ती तिथल्या विषारी बुरशीची जागा अडवते. कापसाच्या सरकीसाठी सुरुवात झाली, मग मका, पिस्ता. आफ्रिकेत नायजेरिया, केनिया या देशांत तिथल्याच मातीतल्या बिनविषारी जाती निवडून अफ्लासेफ नावानं हेच करतात. मला स्वतःला हा उपाय सगळ्यात जास्त पटतो कारण तो बुरशीला मारायला जात नाही. मारून मातीतनं बुरशी संपत नसतेच, पण कुठली बुरशी राहणार हे ठरवता येतंय.

दुसरा रस्ता पिकाच्या बाजूनं. २०१७ साली ॲरिझोनाच्याच विद्यापीठातल्या लोकांनी मक्यात असा आरएनए घातला की बुरशी दाण्यात शिरली की तिचं पीकेएसएचंच जनुक गप्प होतंय, आणि त्या मक्यात विष सापडण्याच्या पातळीला आलंच नाही. लगेच २०१८ला आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या गटानं भुईमुगात असंच केलं, त्यांनी चरक न धरता मधली दोन एन्झाइमं धरली, एक व्हर्सिकोलोरिन या मधल्या पदार्थाच्या पायरीवरचं आणि दुसरं ओएमटीए. पण हे जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं, पीक झालं, आणि आपल्या देशात शेतकऱ्याच्या शेतात आज जीएम म्हणून आहे तो बीटी कापूसच. तेव्हा हे प्रयोगशाळेत आहे, खानापूरच्या शेतात नाही.

आणि तू मायक्रोबायोलॉजीची म्हणून एक अजून. जपानी लोक सोया सॉस आणि मिसो करायला जी बुरशी वापरतात, अस्परजिलस ओरायझी, ती आपल्या या फ्लेव्हसचीच जवळची बहीण. माणसानं शेकडो वर्षं पाळून पाळून तिची विषाची जनुकं निकामी झालेली आहेत, काही तुटलेली, काही असून गप्प. तेव्हा प्रोजेक्ट करायचा असेल तर आपल्या भागातल्या शेंगांच्या मातीतनं फ्लेव्हसच्या जाती वेगळ्या काढ आणि त्यातल्या विष न करणाऱ्या किती निघतात ते बघ. नारळाच्या माध्यमावर वाढवून यूव्ही दिव्याखाली बघायची जुनी पद्धत आहे, विष करणाऱ्या वसाहतीभोवती निळसर कडं चमकतंय. गाईडना विचार आणि मास्क-ग्लोव्हज घातल्याशिवाय हात लावू नको. धारवाडच्या कृषी विद्यापीठात भुईमुगावर मोठं काम आहे, तिथं पण जाऊन बोल.

संकेश्वरजवळच्या एक वहिनी लिहितात:

"आमच्याकडं चार म्हशी आहेत. शेंगपेंड जरा वास मारत होती, खवट, ती कमी भावात मिळाली म्हणून घेतली. म्हशी खातात की. दूध डेअरीला जातंय आणि घरात लहान नातू पण पितोय. दूध चांगलं उकळून देते. चालतंय ना?"

वहिनी, ती पेंड आजपासनं बंद करा. एवढं आधी करा, मग पुढचं वाचा.

या विषाचा शोधच मुळात पेंडीतनं लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, रोग कसला ते कळेना, शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीपर्यंत माग पोचला आणि त्यात ही बुरशी सापडली. दुभत्या जनावराच्या पोटात बी-१ विष गेलं की लिव्हरमध्ये त्याचं एम-१ नावाचं दुसरं रूप होतंय आणि ते दुधात उतरतंय, खाल्ल्यापासनं दिवसाच्या आतच. साधारण १-२ टक्के उतरतंय धरा, जास्त दूध देणाऱ्या जनावरात त्याहून जास्त. ऐकायला कमी वाटतंय, पण हिशेब करा. समजा पेंडीत किलोला १०० मायक्रोग्राम विष आहे आणि म्हशीला दोन किलो घातली, म्हणजे २०० गेले. त्यातले २ टक्के म्हणजे ४ मायक्रोग्राम दुधात. म्हैस आठ लिटर देत असेल तर लिटरला अर्धा मायक्रोग्राम. आपल्याकडची दुधाची मर्यादाच अर्धा मायक्रोग्राम आहे, आणि युरोपात तिच्या दहावा भाग. बाळाचं वजन कमी आणि दूधच मुख्य जेवण, म्हणून त्याला ते जास्त बाधतंय. उकळून जंतू मरतात, एम-१ तसंच राहतंय. दह्यात राहतंय, पनीरमध्ये तर प्रोटीनला चिकटून उलट घट्ट होतंय.

चांगली गोष्ट ही की पेंड बदलली की तीन-चार दिवसांत दूध निवळतंय, जनावराच्या अंगात ते साठून बसत नाही. तेवढे दिवस नातवाला दुसरीकडचं दूध द्या. डेअरीला पण तेवढे दिवस घालू नका म्हणतो मी, नुकसान आहे माहीत आहे, पण ते दूध कुणाच्या तरी नातवालाच जाणार आहे. खवट वासाचं म्हणाल तर खवटपणा तेलामुळं येतो, विषाला वास नसतो. म्हणजे खवट पेंडीत विष असेलच असं नाही आणि वास न मारणाऱ्या पेंडीत नसेल असं पण नाही, पण दमट जागी पडून राहिलेला माल असतो तोच खवट पण होतो, तेव्हा स्वस्तात मिळतेय म्हटलं की हात मागं घ्या. आणि पोत्याला आतनं गुठळ्या धरल्यात का ते विकत घेतानाच हात घालून बघा, गुठळी म्हणजे पाणी लागलेलं.

निपाणीचे एक वाचक: "लाकडी घाण्याचं तेल काढून आणतो. तेलात विष येतंय काय?"

येऊ शकतंय, पण बहुतेक सगळं पेंडीत राहतंय. तेलात जो बारीक गाळ असतो त्यातनं येतंय, आणि थोडं तेलातही. रिफाइंड करताना कॉस्टिक लावून धुतात आणि शोषक माती घालतात त्यात ते निघून जातंय, घाण्याच्या तेलाला तो टप्पा नाही. म्हणून घाणा सोडा असं मी म्हणणार नाही. दाणे स्वतः निवडून न्या, समोर काढून घ्या, आणि तेल दोन-चार दिवस निवळू देऊन वरचं गाळून घ्या. घाणेवाला दाणे स्वतःचे घालत असेल तर ते एकदा मूठभर हातात घेऊन बघा, सुरकुतलेल्या फुटक्या दाण्याला स्वस्तातला म्हणून घाण्यावरच वाट मिळते.

अथणी भागातले एक मका उत्पादक: "यूट्यूबवर यूव्ही टॉर्च मारून मक्यातलं विष ओळखतात. घेऊ काय? ओल किती पाहिजे?"

टॉर्चखाली जो पोपटी-पिवळा उजेड दिसतो तो विषाचा नव्हे, बुरशीच्याच कोजिक ॲसिड नावाच्या दुसऱ्या पदार्थामुळं येणारा. तो दिसला तर माल संशयी धरा, पण नाही दिसला म्हणून स्वच्छ धरू नका. शिवाय दाणा अख्खा असताना आतलं दिसत नाही, भरडूनच बघायला लागतंय. त्या पैशात ओल मोजायचं यंत्र दोन-चार जणांनी मिळून घ्या. मका १३ टक्क्यांच्या आत आणा, मगच साठवा. शंका असली तर तपासणी करून घ्या, पण नमुना घेताना पोत्याच्या तोंडातला मूठभर देऊ नका, सगळ्या पोत्यांतनं, वरनं मधनं तळातनं थोडं थोडं काढून पाच-सहा किलो एकत्र करा, सगळं भरडा आणि त्यातलं पाठवा. विष एकाच दाण्यात असू शकतंय हे वर सांगितलंय. कुठं पाठवायचं ते तुमच्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात विचारा.

मक्याला हलकं घेऊ नका. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवर पंचमहाल आणि बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. दुसरं खायला नव्हतं म्हणून खाल्ला. कावीळ, पोटात पाणी, आणि शंभरावर माणसं गेली. त्याच घरातली कुत्री पण मेली. वर्षानुवर्षं थोडं थोडं जाणं वेगळं आणि एकदम इतकं जाणं वेगळं.

चिकोडीहून एका ताईंचा मेसेज:

"वडील ६२ वर्षांचे. रोज मूठभर दाणे गुळाबरोबर खायची सवय, कडू लागला तरी गिळून टाकतात, टाकायचं कशाला म्हणून. आता हे सगळं वाचून भीती वाटायला लागलीय. लिव्हरची काय तपासणी करू?"

ताई, दाणे बंद करू नका, कडू दाणा गिळणं तेवढं बंद करा. कडू, बुरसट लागला की थुंकायचा आणि पाण्यानं चूळ भरायची. अन्न टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे, पण तो दाणा अन्न राहिलेला नसतो.

लिव्हरला हे नेमकं कसं लागतंय ते सांगतो म्हणजे तपासणी कुठली ते कळेल. बी-१ विष जसं खाल्लं तसं फार काही करत नाही. लिव्हरमध्ये पी-४५० नावाच्या कुळातली एन्झाइमं असतात, बाहेरचं काही आलं की त्याला ऑक्सिजन जोडून बाहेर काढायचं हे त्यांचं काम. बुरशीचं शेवटचं एन्झाइम ऑर्डए, वर सांगितलं ते, ते पण याच पी-४५० कुळातलं. म्हणजे बुरशीकडच्या एका पी-४५०नं विष पुरं केलं आणि आपल्याकडच्या पी-४५०नं त्याला ऑक्सिजन जोडून जहाल केलं. असं जहाल झालेलं विष सरळ डीएनएतल्या ग्वानिन, म्हणजे जी, या अक्षराला जाऊन चिकटतंय. पेशीला बेफाम वाढू न देणारं पी-५३ नावाचं जनुक आहे, त्यातल्या २४९व्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या गटात, जी चं टी होतंय. चीनमधल्या आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या लिव्हरच्या कॅन्सरमध्ये हाच बदल परत परत सापडला, १९९१ साली ते छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करतंय हे सिद्ध झालेल्यांत ठेवलंय.

पण एक गोष्ट यात फार महत्त्वाची आहे. ज्याच्या अंगात हेपॅटायटिस बी चा विषाणू आहे त्याला हेच विष इतरांपेक्षा सुमारे तीसपट जास्त धोक्याचं. म्हणून सोनोग्राफी, स्कॅन याच्या मागं पळण्याआधी वडिलांची हेपॅटायटिस बी ची साधी रक्ततपासणी, एचबीएसएजी म्हणतात ती, करून घ्या, आणि लिव्हर फंक्शन टेस्ट त्याच रक्तात होईल. पॉझिटिव्ह आली तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवून दर सहा महिन्यांनी लक्ष ठेवायचं, त्याला औषधं आहेत. निगेटिव्ह आली तर डॉक्टरांना विचारून लस घ्या, मोठ्या माणसालाही देतात, तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासनं सहा महिन्यांनी. घरात बाळ येणार असेल तर त्याला ही लस जन्मल्यापासनं २४ तासांच्या आत मिळाली का ते दवाखान्यातच विचारून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट असते.